दोघांच्याही हातात भालेच कसे?

मागच्या मोसमात एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दारात लाल अंगरखे, पिवळे कमरबंद आणि तयार फेटे घातलेली चार पोरं उभी होती. चौघांच्याही हातात भाले, पात्यांना चंदेरी रंग फासलेला. वरात आली तसे चौघं एका सुरात ओरडले, "बा अदब, बा मुलाहिजा, होशियाऽऽर!" नवरदेवाची आजी दचकून दोन पावलं मागे सरली. जेवणाच्या वेळी त्यांतला एक जण भाला भिंतीला टेकवून मठ्ठा पीत होता. त्याला विचारलं, "दादा, तुमच्यातला चोपदार कोण?"

"भालदार-चोपदार असं एकच पॅकेज आहे काका," तो म्हणाला. "चौघं येतो."

त्याला तरी काय बोलणार? ही जोडी आपल्या तोंडात इतकी बसलीय की कपडालत्ता किंवा भाजीपाल्यासारखं दुसरा शब्द पहिल्याला नुसता चिकटून आलाय असं वाटावं. पण राजवाड्यावर ही दोन वेगळी माणसं होती आणि त्यांची कामंही वेगळी होती.

फरक बघायचा तो काठीच्या टोकाला. भालदाराच्या काठीला वर पातं असतं. त्याने स्वारीच्या आजूबाजूला राहायचं, गर्दी हटवायची आणि वेळ आलीच तर भाला चालवायचा. म्हणजे तो मुळात शिपाईगडी, नुसता शोभेसाठी ठेवलेला नव्हे. चोपदाराच्या काठीला पातं नाही, तिथे चांदीची मूठ किंवा गोंडा असतो. फारसीत 'चोब' म्हणजे लाकूड, काठी. ती बाळगणारा तो चोबदार, आणि आपल्याकडे येताना 'ब'चा 'प' झाला. 'चोपणे' या क्रियापदामुळे चोपदार म्हणजे चोप देणारा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या काठीने कुणाला मारायचं नसतं. आत लाकूड आणि वर चांदीचा पत्रा, अशी वस्तू कुणाच्या पाठीत घातली तर नुकसान पत्र्याचंच व्हायचं.

चोपदाराचं खरं हत्यार गळा. कोण आलं हे दरबाराला कळवायचं, सगळ्यांना सावध करायचं, मुजऱ्याला आलेल्या माणसाकडे धन्याचं लक्ष वेधायचं. 'बा अदब, बा मुलाहिजा, होशियार' याचा अर्थही तेवढाच: अदबीने, मान राखून, सावध राहा. ही ललकारी चोपदाराच्या तोंडी शोभते. आपल्या ऐतिहासिक नाटकांत मात्र ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे ती सोपवतात आणि त्याच्या हातात भाला देतात, कारण भाला शेवटच्या रांगेतूनही दिसतो. माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

जुन्या दरबारांतल्या नोकरांची नावं बघितली की एक गंमत लक्षात येते. ज्याच्या हातात किंवा अंगावर जे असेल तेच त्याचं नाव होतं. अब्दागिरी म्हणजे धन्यावर सावली धरायची छत्री, ती धरणारा अब्दागिऱ्या. कमरेला पट्टा तो पट्टेवाला. पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्याला चपरास म्हणायचे, म्हणून तो बाळगणारा चपराशी. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कलकत्त्याच्या साहेबलोकांनीही हा थाट उचलला. साहेबाच्या पालखीपुढे लांब चांदीची काठी घेतलेला चोबदार चालायचा, आणि आखूड, टोकाला वाकलेला चांदीचा सोटा घेतलेला तो सोंटाबरदार. काठीच्या लांबीवरून हुद्दा ओळखायचा!

आता बड्या हॉटेलाच्या दारात झुबकेदार मिशा आणि तुऱ्याचा फेटा घेऊन गाडीचं दार उघडणारा. त्यालाही लोक सर्रास भालदार म्हणतात. तो दरवान. दरवानातला 'दर' म्हणजे दरवाजा, आणि भालदारातला 'दार' म्हणजे बाळगणारा. कानाला सारखे वाटले तरी शब्द वेगळे. जयपूरचा रामबाग पॅलेस 1957 साली हॉटेल झाला आणि त्यानंतर कितीतरी संस्थानी वाड्यांचं तसंच झालं. तिथे दरबारी पोशाख अजून दिसतात, पण ते घातलेला माणूस तुमची बॅग उचलायला आलेला असतो.

दोघांतला टिकला कोण? बघायला गेलं तर चोपदार. बंदूक आल्यावर भालदाराच्या हातातला भाला शोभेचा झाला. दिल्लीत राष्ट्रपतींचे घोडेस्वार अंगरक्षक समारंभात अजून भाले धरतात. वॉरन हेस्टिंग्जने 1773 साली उभी केलेली ही तुकडी. पण ते भारतीय सैन्यातले जवान आहेत, वाड्यावरचे नोकर नव्हेत. लग्नातली पोरं सोडली तर बाकी भालदार देवस्थानांच्या पालख्यांपुढे आणि दसऱ्याच्या मिरवणुकांत उरले आहेत.

चोपदाराला मात्र काम उरलं, कारण गर्दीला गप्प करायला बंदूक उपयोगी पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींचा चोपदार असतो. न्यायमूर्ती दालनातून कोर्टात जाताना पुढे चालून वाट मोकळी करायची, बसताना खुर्ची सरकवायची, ही त्याची कामं.

पण खरा चोपदार बघायचा असेल तर आषाढीच्या वाटेवर जावं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दरबारी रीत त्यांना ठाऊक होती. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले, आणि वाड्यातली चांदीची काठी वारीच्या धुळीत आली.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याच्या कानात बोललेलंही ऐकू येत नाही. मग चोपदार काठी वर उचलतात आणि 'होऽऽ' असा लांब पुकारा होतो. टाळ थांबतात. सगळेच्या सगळे, एका क्षणात. कुठे एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर तो उद्धटपणा धरत नाहीत. त्या दिंडीची काहीतरी तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चोपदार स्वतः तिथे चालत जातात, काय झालं ते ऐकून घेतात, ते सोहळ्याच्या मालकांच्या कानावर घालतात. निवाडा झाला की ते टाळही थांबतात.

मग त्याच खड्या आवाजात उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगितलं जातं, आणि वाटेत काय काय हरवलं, काय काय सापडलं, त्याची यादी वाचली जाते.