पुडीतलं लॅव्हेंडर आणि डब्यातले धने

'महाबळेश्वरचं अस्सल लॅव्हेंडर. प्राचीन आयुर्वेदिक वनस्पती. उशाखाली ठेवा, निद्रानाश पळवा.' मावसबहीण घाटावरून साताऱ्याला येताना ही पुडी घेऊन आली. पुडीवरच्या तीन वाक्यांत दोन थापा आणि एक अर्धसत्य आहे.

पहिली थाप भूगोलाची. लॅव्हेंडर हे भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, उन्हाळाभर कोरड्या राहणाऱ्या उतारांवरचं झुडूप. मुळाशी पाणी साचलं की ते कुजतं. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे या झुडपाची शेती करणं म्हणजे मेंढराला तळ्यात पोहायला सोडणं. भारतात त्याची शेती प्रामुख्याने जम्मूच्या डोडा-भद्रवाह भागात होते, सुगंधी पिकांसाठीच्या केंद्राच्या अरोमा मिशनमधून. कासच्या पठारावरचे जांभळे गालिचेसुद्धा लॅव्हेंडरचे नव्हेत. त्यातली निळी-जांभळी सीतेची आसवं तर किडे खाणारी वनस्पती आहे. आता गंमत अशी की सह्याद्रीला स्वतःचं लॅव्हेंडर आहे! 'लॅव्हंड्युला गिब्सोनाय' हे त्याचं नाव, मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून पडलेलं. पुडीत मात्र ते नव्हतं.

दुसरी थाप 'प्राचीन आयुर्वेदा'ची. आपल्याकडे ही वनस्पती औषधात आली ती युनानी हकिमांबरोबर. त्यांचं 'उस्तुखुद्दूस' म्हणजे याच कुळातली एक भावंड-जात, आणि काष्ठौषधीच्या दुकानात आजही ते मिळतं. हकीम त्याला मेंदूचा झाडू म्हणत. हे नाव मला फार आवडतं, औषधाबद्दल खात्री नसली तरी. कुठल्याही पाल्याला पाच हजार वर्षं चिकटवायची आपल्याला खोडच आहे.

आता मूळ गोष्ट. पुडीतलं चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरलं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. 'फुलं' म्हणून विकलेल्यात पाकळ्या जवळजवळ नव्हत्याच. पाकळ्या सुकून गळतात. उरतो तो निदलपुंज, म्हणजे फुलाखालचा छोटा नळीसारखा पेला. त्यावर उभ्या शिरा, शिरांवर लोकरीसारखी लव, आणि दोन शिरांमधल्या खाचेत चकचकीत ठिपके. सगळा वास त्या ठिपक्यांत. तुळस आणि पुदिना याच कुळातले, त्यांच्या पानांवरही असे ठिपके सापडतात.

एकेक ठिपका म्हणजे तेलाचा बुधला. तळाशी आठ पेशी गोल मांडलेल्या. त्या तेल बनवतात आणि डोक्यावरच्या मेणचट पापुद्र्याखाली ढकलतात. पापुद्रा फोडासारखा फुगतो. फूल सावलीत वाळवलं की पेशींतलं पाणी उडून जातं, तेल मात्र पापुद्र्याआड बरंचसं टिकतं. म्हणून वाळलेलं लॅव्हेंडर डब्यात गप्प असतं आणि बोटांत चोळलं की घमघमतं. कडक उन्हात वाळवलं तर हे कुलूप ढिलं पडतं.

या तेलातला मुख्य रेणू लिनालूल. तोच रेणू आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. धन्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनालूलच असतं. फक्त धन्याने आपलं तेल बाहेर न ठेवता दाण्याच्या आत बारीक नळ्यांत कोंडलंय, म्हणून धने भाजावे आणि कुटावे लागतात. मग दोघांचा वास एक का नाही? एक कारण, लॅव्हेंडरमध्ये लिनालिल ॲसिटेट नावाचा जोडीदार भरपूर असतो. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. लॅव्हेंडरचं लिनालूल आणि धन्याचं लिनालूल यांत अणू तेवढेच आणि जोडणीही तीच, पण डाव्या-उजव्या चपलेसारखे ते एकमेकांचे आरशातले जुळे आहेत. उजव्या पायात डावी चप्पल बसत नाही, तसं नाकातल्या वास ओळखणाऱ्या ग्राहींनाही दोन्ही सारखे बसत नाहीत.

हे तेल काढतात वाफेने. लिनालूल एकटं असेल तर सुमारे 198 अंशांना उकळतं. तरीही भट्टीत ते 100 अंशांच्या आतच वाफेबरोबर निघून येतं. उकळणं म्हणजे बाष्पाचा दाब हवेच्या दाबाइतका होणं. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज होते. पाणी एकट्याने हवेला पुरेसं रेटायच्या आतच तेलाचा थोडा रेटा मिळतो आणि मिश्रण उकळू लागतं. वाफेत तेलाचा वजनी वाटा त्याच्या आंशिक दाबाच्या, म्हणजे एकूण दाबातल्या त्याच्या हिश्श्याच्या, आणि रेणुभाराच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. हे वाक्य डोक्यावरून गेलं तरी बिघडत नाही, पण लॅव्हेंडरचा काढा झाकण ठेवूनच करायचा. उघड्या भांड्यात खळखळ उकळलात तर औषध स्वयंपाकघराच्या छताला मिळतं.

राहिलं झोपेचं अर्धसत्य. 2018 साली जपानच्या कागोशिमा विद्यापीठात उंदरांना लिनालूल हुंगवलं, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. वास न येणाऱ्या उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे रस्ता नाकातून जातो. माणसांवर तेलाच्या 80 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या चाचण्या झाल्या आहेत आणि चिंता कमी होण्याबाबत निष्कर्ष बरे आहेत, पण ती पोटात घ्यायची, मोजून भरलेली कॅप्सूल. उशाखालच्या पुडीची चाचणी घेणं अवघड, कारण लॅव्हेंडरसारखा वास येणारं खोटं लॅव्हेंडर आणायचं कुठून? वास आला की माणसाला कळतंच. युरोपच्या औषध संस्थेनेही फुलांच्या चहाला मान्यता दिली ती 'परंपरेने वापरात' या शिक्क्याने, म्हणजे दीर्घ वापराच्या आधारावर. सुगंधी तेलाची बाटली मात्र कुणी चमच्याने प्यायची नाही. हवा लागून जुनं झालेलं तेल कातडीलाही पुरळ आणतं.

मावसबहिणीने पुडी पातळ सुती कापडात बांधून पैठणीच्या कप्प्यात टाकली. युरोपातल्या आज्याही कपड्यांना कसर लागू नये म्हणून हेच करत. महिन्याभराने पुरचुंडी तळहातात चोळायची, न फुटलेले बुधले फुटतात. डांबरगोळ्यांचा वास जायला मात्र अजून दोन दिवाळ्या लागतील.