पायातल्या मुंग्या कुठून आल्या

आमच्या काकांची चप्पल हल्ली पायातून निसटते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. इंदूरला राजेंद्रनगरातल्या घरातून भाजी आणायला निघाले की चार पावलांवर काकू मागून हाक मारतात, “अहो, चप्पल!” मल्टिपल मायलोमावर बोर्टेझोमिबची इंजेक्शनं सुरू झाली आणि तळव्यांना आधी मुंग्या, मग बधिरपणा. वय झालं म्हणून होत असेल, असं समजून काकांनी दोन महिने तोंडातून शब्द काढला नाही. या मुंग्यांमागची हकिगत बरीच जुनी आहे.

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. १८४४ मध्ये लंडनला सारा न्यूबरी या रुग्णेची हाडं मोडत गेली, तेव्हा डॉक्टरांकडे द्यायला संत्र्याच्या सालीचा काढा आणि रेवाचिनीची गोळी असलंच काही होतं. मेल्फालान या औषधाचा गुण दिसायला १९५८ उजाडलं. १९८३ मध्ये ते मोठ्या डोसमध्ये दिलं गेलं, आणि त्या डोसने तोंड आतून सोलवटून निघे. त्यावरचा उपाय साधा निघाला: औषध शिरेतून जात असताना बर्फाचे खडे चघळायचे. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं.

मुंग्यांचा धागा मात्र थॅलिडोमाइडपाशी जातो. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून विक्रीला आलं. ३१ डिसेंबर १९६० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्कॉटलंडच्या लेस्ली फ्लॉरेन्स या डॉक्टरचं छोटंसं पत्र छापून आलं: हे औषध बरेच दिवस घेणाऱ्या आपल्या चार रुग्णांचे हातपाय बधिर होताहेत. अमेरिकेत औषधांच्या मंजुरीचं काम पाहणाऱ्या फ्रान्सिस केल्सींनी ते वाचलं आणि आधीच अडवलेली परवानगी आणखी रोखून धरली. गर्भातल्या बाळांवरचे भयंकर परिणाम जगाला कळले ते त्यानंतर, १९६१ च्या अखेरीस. चौघांच्या मुंग्या कुणीतरी लिहून कळवल्या, त्याने अमेरिकेतली कितीतरी बाळं वाचली. हे वाचताना मला काकांचे ते दोन गप्प महिने आठवत राहतात.

१९९९ मध्ये हेच औषध मायलोमावर परतलं. ८४ रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना गुण आला. मुंग्या सोबत होत्याच. २००३ मध्ये अमेरिकेत बोर्टेझोमिबला मान्यता मिळाली. तेही मज्जातंतूंना जाचणारं, आणि सुरुवातीला शिरेतून देत. २०११ मध्ये २२२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली: शिरेतून घेणाऱ्या ५३ टक्के जणांना हा त्रास झाला, कातडीखाली घेणाऱ्या ३८ टक्के जणांना. गुण दोन्हीकडे सारखाच. आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा दिलं तर त्रास आणखी घटतो, हेही त्याच सुमारास दिसलं.

शेवटी तपासणीच्या दिवशी काकूंनीच डॉक्टरांसमोर चपलेचं सांगून टाकलं. डोस कमी झाला, इंजेक्शन आठवड्यातून एकदाच आलं. मुंग्या गेल्या नाहीत, पण वर चढायच्या थांबल्या. आता मागे पट्टा असलेल्या सँडल आल्या आहेत. आणि थंडीत काकांच्या अंघोळीचं पाणी काढलं की काकू आधी बादलीत स्वतःचं कोपर बुडवून बघतात, कारण काकांच्या पायांना कढत कळत नाही.