‘आम्ही दोघं’चं ‘आम्ही सगळे’ झालं: आइसलँडिक सर्वनामांची पार्श्वभूमी

आइसलँडिक शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यात हाती येणारा सर्वनामांचा तक्ता बघून बहुतेकांचा धीर सुटतो. तीन पुरुष, दोन वचनं, तृतीय पुरुषात तीन लिंगं आणि प्रत्येकाच्या चार विभक्ती, म्हणजे चाळीस घरं. त्यातली बरीच रूपं सारखीच असल्याने पाठांतर खरं तर त्याहून कमी आहे. मराठी माणसाला तर या तक्त्याचा अर्धाअधिक भाग ओळखीचा वाटायला हवा. तो तसा का आहे हे कळलं की रूपं डोक्यात बसायला वेळ लागत नाही.

उच्चारांबद्दल आधी एक सूचना. खालच्या शब्दांतला ‘थ’ आपल्या ‘थाळी’तला नाही. तो इंग्रजी ‘थिंक’मधला, जीभ दातांत धरून काढायचा. शब्दाच्या शेवटी येणारा ‘द’ तसाच, पण घोष, म्हणजे गळ्यातून आवाज काढून. शेवटचा ‘ग’ इतका मऊ की बोलताना जवळजवळ गळून पडतो: ‘येग’ (मी) हे कानाला ‘ये’ असंच ऐकू येतं.

नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांवरून लोक साधारण 870 ते 930 या काळात आइसलँडमध्ये वसले. त्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेत सर्वनामांना संस्कृतसारखं द्विवचन होतं. ‘वित’ म्हणजे आम्ही दोघं, ‘वेर’ म्हणजे आम्ही तीन किंवा अधिक. ‘इत’ म्हणजे तुम्ही दोघं, ‘एर’ म्हणजे तुम्ही सगळे. संस्कृतात हेच आवाम्-वयम्, युवाम्-यूयम्. मराठीने द्विवचन कधीच टाकून दिलं. आइसलँडिकनेही टाकलं, पण उलट्या बाजूने. सतराव्या-अठराव्या शतकात तिथे द्विवचनाची रूपं अनेकवचनाच्या जागी येऊन बसली आणि जुनं अनेकवचन मान देण्यापुरतं उरलं. म्हणून आज पहिल्या धड्यात शिकवलेलं ‘विद’ (आम्ही, आपण) हे मुळात ‘आम्ही दोघं’ आहे. तेराव्या शतकातलं गद्य वाचायला घेणाऱ्याची हमखास चूक होते ती इथेच: तिथल्या ‘वित’मध्ये बोलणारी माणसं मोजून दोन असतात.

जुनं ‘वेर’, आजच्या उच्चारात ‘व्येर’, मेलं मात्र नाही. ख्रिस्ती प्रार्थनेतल्या ‘फादिर वॉर’मध्ये (आमच्या पित्या) त्याचं षष्ठीरूप रोज ऐकू येतं. 1874 मध्ये वसाहतीला हजार वर्षं झाली त्या सोहळ्यासाठी रचलेल्या गीतात, म्हणजे आजच्या राष्ट्रगीतात, पहिल्याच ओळीत ‘वॉर्स’ (आमच्या) आहे. 2007 च्या बायबल भाषांतरात बऱ्याच ठिकाणी ‘व्येर’ काढून ‘विद’ घातलं, तेव्हा त्यावर वाद झाला. कानाला सवय झालेला भारदस्तपणा गेला, ही तक्रार समजण्यासारखी आहे.

द्वितीय पुरुषात आणखी एक गंमत घडली. अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटी ‘द’ यायचा आणि त्याच्या मागोमाग ‘एर’ किंवा ‘इत’. हे इतकं जोडून बोललं जाई की त्या ‘द’चा तुकडा सर्वनामाच्या तोंडाशी चिकटला. ‘एर’चं झालं ‘थ्येर’, ‘इत’चं झालं ‘थिद’. आज ‘थिद’ म्हणजे तुम्ही, अनेकजण. ‘थ्येर’ हे मानाचं ‘तुम्ही’ झालं आणि त्यासोबत क्रियापदही अनेकवचनी लागायचं, अगदी मराठीसारखं. राजाशी बोलताना अनेकवचन वापरायची रीत तेराव्या शतकातही होती. पुढे डेन्मार्कच्या राजवटीत डॅनिश शिष्टाचाराच्या वळणाने ती शहरी लोकांत पसरली. 1960-70 च्या दशकांत ती जवळजवळ मोडली. आज दुकानदार, डॉक्टर, मंत्री सगळ्यांना ‘थू’, म्हणजे तूच. मराठी शिकाऊ माणूस आदरापोटी ‘थ्येर’ शोधायला जातो आणि समोरच्याला तो एकतर चेष्टा करतोय असं वाटतं किंवा जुनाट पुस्तक वाचून आल्यासारखा दिसतो. शिवाय आणखी एक घोळ: ‘थू’ची चतुर्थीही ‘थ्येर’ अशीच होते, म्हणजे ‘तुला’. रोजच्या बोलण्यात कानावर पडणारं ‘थ्येर’ हे हेच असतं.

‘थू’ आणि आपलं ‘तू’ एकाच मुळाचे, हे वेगळं सांगायला नको. ‘थाद’ (ते) आणि संस्कृत ‘तद्’ हेही तसेच, आणि ‘थेइर’ (ते, पुल्लिंगी) म्हणजे संस्कृत बहुवचनी ‘ते’चा भाऊ. इंग्रजीतलं ‘दे’ हे या ‘थेइर’वरूनच, वायकिंग वसाहतींच्या काळात उसनं घेतलेलं.

तृतीय पुरुष असा: एकवचनात हान, हून, थाद, म्हणजे तो, ती, ते. अनेकवचनात थेइर, थाइर, थॉय, म्हणजे ते, त्या, ती. अनेकवचनातही तीन लिंगं वेगळी ठेवणाऱ्या भाषा फार नाहीत, पण इथे आपण घरच्यासारखे. बाई आणि पुरुष एकत्र असले की आइसलँडिक नपुंसकलिंगी ‘थॉय’ वापरते. आपणही ‘नवरा-बायको आले’ म्हणण्याऐवजी ‘ती दोघं आली’ म्हणतो, तोच न्याय. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे महिनाभर पचत नाही. मूल, म्हणजे ‘बार्न’, दोन्हीकडे नपुंसकलिंगी. पण वस्तूंच्या लिंगावर विसंबू नका. घर दोन्हीकडे ‘ते’ असलं तरी पुस्तक (‘बोक’) तिकडे ‘ती’ आहे आणि सूर्य (‘सोल’) चक्क बाई. चूक बहुधा दुसऱ्या वाक्यात होते: नाम बरोबर येतं, सर्वनाम मात्र मराठी लिंगाने.

विभक्ती तिथे प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी या क्रमाने म्हणतात. हा क्रम डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क यांच्या मांडणीपासून रूढ होत गेला. द्वितीया प्रथमेला लागून ठेवायचं कारण व्यवहारी आहे: हान-हान, थाद-थाद, थाइर-थाइर, थॉय-थॉय, दोन्ही रूपं एकच. 1811 मध्ये आइसलँडिकचं व्याकरण छापणारे हेच रास्क 1820 मध्ये मुंबईत पोचले, पारशी धर्मग्रंथांची भाषा अभ्यासली आणि हस्तलिखितं कोपनहेगनला घेऊन गेले. त्याआधी, 1813 मध्ये, शंभर वर्षांत राजधानी रेक्याविकमध्ये आइसलँडिक कुणाला कळेनाशी होईल, असं त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं. भाकीत सपशेल चुकलं. शाळकरी मुलं आजही विभक्ती ओळखायला ‘ह्येर एर, उम, फ्राउ, तिल’ ही चौकडी म्हणतात: इथे आहे, विषयी, पासून, कडे. ‘ह्येर एर येग, उम मिग, फ्राउ म्येर, तिल मीन.’ ही एक ओळ पाठ झाली की ‘मी’चा रकाना संपला. मग त्याच चालीवर ‘थू, थिग, थ्येर, थीन’. ‘विद’ आणि ‘थिद’ला तर दुसरं-तिसरं रूप एकच: ऑहकुर, इहकुर.

मराठी माणसाला खरी मदत होते आणि खरी ठेचही लागते ती ‘मला’पाशी. ‘म्येर एर काल्त’ म्हणजे मला थंडी वाजतेय. ‘म्येर फिन्स्त’ म्हणजे मला वाटतं. ज्याला वाटतं तो चतुर्थीत आणि क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पण मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना ‘मला’ एकच, आणि आइसलँडिकमध्ये काही जुनी क्रियापदं द्वितीयाच मागतात: ‘मिग लाउंगार’ (मला हवंसं वाटतं), ‘मिग वान्तार’ (मला लागतंय, माझ्याकडे नाही), ‘मिग द्रेइमिर’ (मला स्वप्न पडतं). अशी क्रियापदं मोजकी, चतुर्थीवाली भरपूर. त्यामुळे खुद्द आइसलँडिक लोकही ‘म्येर लाउंगार’ म्हणून जातात. शाळांनी या सवयीला नावच ठेवलं, ‘थाउगुफाल्स-सीकी’, म्हणजे चतुर्थीचा आजार. मराठी शिकाऊला तो पहिल्या दिवसापासून होतो. उपाय एकच, वरची तीन क्रियापदं ‘मिग’सकट एकाच शब्दासारखी पाठ करायची. उलट ‘येग ह्लाहका तिल’ (मी आतुरतेने वाट पाहतोय) इथे प्रथमाच लागते. भावना आहे म्हणून इथे ‘म्येर’ घालू नये.

‘सिन्न’ म्हणजे आपला, स्वतःचा. ‘त्याने आपलं पुस्तक घेतलं’ आणि ‘त्याने त्याचं पुस्तक घेतलं’ यातला फरक तिथे जसाच्या तसा आहे. फक्त मराठीत ‘मी आपलं काम करतो’ चालतं, तिथे ‘सिन्न’ तृतीय पुरुषापुरतंच. ‘मी’सोबत ‘मिन्न’च.

प्रश्न विचारताना ‘थू’ क्रियापदाला जाऊन चिकटतो: एर्त थू ऐवजी ‘एर्तु’, विल्त थू ऐवजी ‘विल्तु’, आणि आज्ञार्थात ‘कोम्दु’, ‘फार्दु’. वेगळं ‘थू’ उच्चारलं की ‘तू? तू आहेस?’ असा जोर पडतो. पुस्तकी तक्त्यातून शिकलेल्यांचं बोलणं म्हणूनच भांडखोर वाटतं.

तक्त्यात अलीकडे एक ओळ वाढली आहे. स्त्री किंवा पुरुष म्हणवून न घेणाऱ्यांसाठी ‘हाउन’ हे नवं सर्वनाम गेल्या दशकात रुळलं. लिंगओळखीच्या स्वायत्ततेचा कायदा 2019 मध्ये झाला. रूपं हाउन, हाउन, हाउनी, हाउन्स अशी चालतात आणि विशेषण नपुंसकलिंगी लागतं.