फ्रेंच चित्रांतील पक्षी आणि सुखी खेडे

अठराव्या शतकातील फ्रेंच सजावटीच्या चित्रांत तेथील खेड्यांचे खरे जीवन उतरले आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. चित्रे इतकी मनोहर आहेत की तसे वाटणे स्वाभाविकच. मात्र त्यांतील बरीचशी श्रीमंतांच्या दालनांत, दारांवरच्या चौकटींत बसवण्यासाठी कल्पनेने रचलेली असत. पडताळा घ्यायचा तर आधी पक्षी पाहावेत. दक्षिण अमेरिकेतील मकाव (मोठे, रंगीत पोपट) किंवा आशियातील मोर फ्रेंच रानात मुक्तपणे राहत नव्हते. असे पक्षी चित्रकारांना धनिकांच्या बागांत आणि राजांच्या प्राणिसंग्रहांत पाहायला मिळत. मग चित्रांतल्या मेंढपाळ मुलीचा रेशमी, बेदाग झगा न्याहाळावा. खरे जीवन मात्र इतके सुखाचे नव्हते; याच फ्रान्समध्ये 1775 साली धान्य महागल्यामुळे पॅरिसच्या आसपास दंगली उसळल्या होत्या.