ढगात पाणी आहे, मग पाऊस का नाही?

सांगोला, मंगळवेढ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी आभाळ भरून येतं. बाजरी माना टाकून उभी असते, माणसं वर बघत राहतात आणि ढग तसेच पुढे निघून जातात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, त्यामुळे बाष्प मुळात कमी. पण ढगात आहे तेवढं पाणीसुद्धा खाली येत नाही, त्यात हवेतल्या कणांचाही हात असतो.

नुसत्या बाष्पाचा थेंब होत नाही, त्याला बसायला कण लागतो. 1880च्या सुमारास स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जॉन एटकेन यांनी काचेच्या दोन भांड्यांत वाफ सोडली. साधी हवा असलेल्या भांड्यात दाट धुकं झालं. कापसातून गाळलेली हवा होती, तिथे काहीच दिसेना. आपल्या आभाळात हे काम समुद्राच्या लाटांतून उडालेलं मीठ, माती, धूर आणि कोळसा-डिझेल जळून तयार होणारी सल्फेटं करतात.

मग कण जास्त तर पाऊस जास्त? इथेच खरी मेख आहे. परातीत पीठ तेवढंच आणि खाणारी तोंडं दहापट झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येते. प्रदूषित हवेत तेवढंच पाणी असंख्य कणांवर वाटलं जातं आणि थेंब बारीक राहतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ते एकमेकांवर आदळून मिसळतात, पण त्रिज्या साधारण 14 मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढेतो ही गाडी सुरूच होत नाही. त्याहून बारीक थेंब हवेच्या झोताबरोबर एकमेकांना वळसा घालून निघून जातात. उथळ ढग असा न बरसताच विरतो.

उंच वाढणाऱ्या ढगांचं गणित वेगळं. खाली न पडलेलं पाणी वर जाऊन गोठतं, गोठताना उष्णता सोडतं आणि त्या बळावर ढग आणखी चढून जोरात कोसळू शकतो. हे किती वेळा आणि किती प्रमाणात घडतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शिवाय धुरकट हवा ऊन अडवते. जमीन कमी तापली की ढग उभारणारे, वर चढणारे हवेचे झोतही मंदावतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानातून कण सोडून पाऊस वाढवता येतो का, हे तपासलं. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइड या मिठाचे कण सोडले. म्हणजे कणांनी बिघडवलेलं काम कणांकडूनच करून घ्यायचं! फरक आकाराचा आणि स्वभावाचा: हे कण मोठे आणि पाणी ओढून घेणारे, त्यामुळे सुरुवातीलाच टपोरे थेंब धरतात आणि ते थेंब वाटेतल्या बारक्यांना गोळा करत जातात. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये पाऊस 18 टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं दिसलं. अर्थात त्यासाठी डोक्यावर पाण्याने भरलेला, वाढता ढग असावा लागतो. कोरड्या आभाळात मीठ फवारून काहीच होत नाही.