आय६८६ म्हणजे नेमकं कोण? जुन्या प्रोसेसरवरच्या क्रॅशमागची पार्श्वभूमी

मोंगोडीबी ५.० या डेटाबेसचा कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींचा तयार डबा) जुन्या प्रोसेसरवर सुरू होताक्षणी बंद पडतो. लॉग अनेकदा कोरा असतो, हाती फक्त १३२ हा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मिळणारा आकडा) उरतो. २०२१ मध्ये ही आवृत्ती आल्यापासून ही तक्रार सारखी कानावर येते. १३२ म्हणजे १२८ अधिक ४, आणि लिनक्समध्ये ४ क्रमांकाचा सिग्नल 'सिगइल'. प्रोसेसरपुढे असं इन्स्ट्रक्शन, म्हणजे अशी आज्ञा आली, जी त्याला ठाऊकच नाही. इथे ती एव्हीएक्स या गटातली असते; एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या आज्ञांचा हा गट. रॅम, डिस्क, ड्रायव्हर यांचा काही दोष नसतो, तरी लोक आधी तेच बदलत बसतात. दोन-दोन दिवस त्यात जातात.

या दुखण्याचं मूळ ३२ बिटच्या काळात आहे आणि ते समजून घ्यायचं तर 'आय६८६' या शब्दापाशी थांबावंच लागतं. इंटेलच्या ३२ बिट प्रोसेसरांच्या सहाव्या कुटुंबाचं हे नाव.

१९९५ मध्ये इंटेलचा पेन्टियम प्रो आला. त्याच्यासोबत सीमूव्ह नावाचं इन्स्ट्रक्शन आलं: अट खरी असेल तरच किंमत हलवा, जंप न घेता. कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेल्या कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. चिपच्या अधिकृत पुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलं होतं की सीमूव्ह प्रत्येक प्रोसेसरमध्ये असेलच असं नाही, वापरण्याआधी सीपीयूआयडीला (प्रोसेसर स्वतःची माहिती ज्यातून सांगतो ते इन्स्ट्रक्शन) विचारून घ्या. कंपायलर लिहिणाऱ्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या लेखी आय६८६ म्हणजे पेन्टियम प्रो, आणि पेन्टियम प्रो म्हणजे सीमूव्ह आहेच.

मग व्हिया कंपनीचा सी३ हा प्रोसेसर बाजारात आला. कमी वीज खाणारा, स्वस्त, छोट्या फायरवॉल-राउटरच्या पेट्यांत सर्रास दिसणारा. विचारलं की तो स्वतःचं कुटुंब '६' सांगायचा, पण त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांत सीमूव्ह नव्हतं. यंत्राचा प्रकार सांगणारी 'युनेम' ही कमांड चालवली की उत्तर आय६८६. त्या उत्तरावर विसंबून आय६८६ साठी बांधलेलं पॅकेज चढवलं की प्रोग्राम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळायचा. आणि ते पॅकेज जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात त्या मूळ सी लायब्ररीचंच असेल तर फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा चालायचं नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने यावर शोधलेला मार्ग तेव्हाच्या फोल्डरच्या नावातच दिसतो: वेगवान सी लायब्ररी 'आय६८६' मध्ये नव्हे, तर त्याच्या आत 'सीमूव्ह' नावाच्या फोल्डरात ठेवलेली असे. नुसत्या आय६८६ वर भरवसा ठेवता येत नाही, याची ती उघड कबुली होती.

चूक कोणाची, यावर तेव्हा बराच वाद झाला. एक बाजू म्हणे, चिपने ६ सांगितलं तर ६ सारखं वागावं. दुसरी म्हणे, पुस्तिका वाचा, सीमूव्ह ऐच्छिक आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतलं त्याने यातलं काहीच ठरवलेलं नव्हतं, आणि कोसळत मात्र त्याचंच यंत्र होतं.

सीमूव्हचा गुंता सुटतो न सुटतो तोच लांब 'नॉप' पुढे आला. कोडमधल्या रिकाम्या जागा भरायला वापरलं जाणारं, काहीच न करणारं हे इन्स्ट्रक्शन. तेही पेन्टियम प्रोपासूनच होतं, पण पुस्तिकेत त्याची नोंद २००६ पर्यंत नव्हती. २००५ च्या एएमडीच्या जिओड एलएक्स या प्रोसेसरमध्ये सीमूव्ह होतं, लांब नॉप नव्हतं. जे कागदावरच नाही ते दुसऱ्याने चिपमध्ये घालायचं कसं? असेंब्लरने (कंपायलरनंतरचा, अंतिम मशीन कोड बनवणारा प्रोग्राम) आय६८६ च्या नावाखाली लांब नॉप पेरायला सुरुवात केली आणि जिओड कोसळू लागले. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मुलांसाठीच्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ-१ लॅपटॉपमध्ये हाच जिओड होता, आणि २००७ मध्ये भारतातला त्यांचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत झाला. २०२३ मध्ये डेबियन १२ ने लांब नॉप सक्तीचं केलं, तेव्हा जिओडचा पाठिंबा संपला.

एसएसई२ या एव्हीएक्सच्या आधीच्या आज्ञांच्या गटाच्या वेळी निदान तारखा जाहीर होत्या. विंडोज ८ ने २०१२ मध्ये ते सक्तीचं केलं, विंडोजवरच्या फायरफॉक्सने २०१६ मध्ये. एसएसई२ नसलेल्या जुन्या अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरवाले तिथे मागे पडले.

खरी दिशाभूल त्यानंतरची आहे. एव्हीएक्स २०११ च्या इंटेलच्या सँडी ब्रिज या पिढीत आलं, म्हणून '२०११ नंतरचं यंत्र चालेल' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. पेन्टियम आणि सेलेरॉन नावाने विकलेल्या स्वस्त चिपमध्ये एव्हीएक्स पुढे अनेक वर्षं बंदच ठेवलेलं होतं. २०२० चा पेन्टियम गोल्ड जी६४०० घ्या: त्याच्यावर मोंगोडीबी ५.० कोसळतो, २०११ च्या कोअर आय५-२४०० वर चालतो. मशीन लर्निंगसाठीच्या टेन्सरफ्लोच्या तयार बायनरीही २०१८ च्या १.६ पासून एव्हीएक्स मागू लागल्या, आणि जुनं यंत्र घेऊन मशीन लर्निंग शिकायला बसलेल्या किती जणांना पहिल्याच 'इम्पोर्ट'ला 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' दिसलं असेल.

२०२० मध्ये ६४ बिट प्रोसेसरसाठी व्ही१ ते व्ही४ अशा पायऱ्या ठरल्या. व्ही२ मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२. आय६८६ च्या गोंधळातून घेतलेला हा धडा चांगला आहे, कारण प्रत्येक पायरीत कोणती इन्स्ट्रक्शन येतात ते नावानिशी लिहिलेलं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने २०२४ मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट सक्तीचं केलं, तर २०२५ मध्ये एका मोठ्या व्यावसायिक लिनक्सने थेट व्ही३ गाठलं.

पण पायऱ्या लिहून ठेवल्या तरी प्रोग्राम सुरू होताना तपासणी करत नसेल तर लॉग कोराच राहतो. सीपीयूआयडीला विचारून 'या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नाही' अशी एक ओळ छापायला क्षणही लागत नाही. ती ओळ न छापणं हा माझ्या मते सरळसरळ दोष आहे.

तोवर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'इन्व्हॅलिड ओपकोड' शोधावं, मग प्रोसेसरची माहिती देणाऱ्या 'एलएससीपीयू'च्या फ्लॅगमध्ये एव्हीएक्स आहे का ते पाहावं. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) असेल तर हे दोन्हीकडे पाहावं, आत आणि बाहेर. कित्येकदा खालच्या यंत्रात एव्हीएक्स असतं, पण व्हीएमला 'केव्हीएम६४' हा जुना सीपीयू प्रकार दिलेला असल्यामुळे आत ते दिसत नाही. तिथे प्रकार बदलून 'होस्ट' केला आणि व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की तोच कंटेनर चालतो.