लंपीच्या आधी बुळकांडी होती

लंपी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, त्याचं नाव काढलं की सगळ्यांना २०२२ आठवतं, पण रोग तसा जुना आहे. १९२९ ला आफ्रिकेत झांबियात पहिल्यांदा नोंद झाली, मग बरीच वर्षं तिकडेच फिरत होता, १९८८ ला इजिप्त, पुढे इस्रायल, तुर्कस्तान असं करत करत २०१९ ला ओडिशात शिरला आणि २०२० ला आपल्या गडचिरोलीत. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. ऑगस्ट २०२२ ला जळगावच्या रावेर तालुक्यात निघाला आणि महिन्याभरात गुरांचे बाजार, शर्यती, वाहतूक सगळंच बंद.

पण जुनी माणसं घाबरायची ती बुळकांडीला, गुरांच्याच दुसऱ्या साथीच्या रोगाला. ताप, तोंडात फोड, मग घाण वासाची हगवण आणि आठ-दहा दिवसात जनावर खलास, नव्याने लागण झालेल्या कळपातली शंभरातली ८०-९० सुद्धा जायची, म्हणजे दावणच रिकामी. इंग्रजांनाही यात लक्ष घालावं लागलं, कारण शेती बैलावर आणि सरकारचा शेतसारा शेतीवर. १८८९ ला पुण्यात लॅब काढली, पण असले जंतू भर वस्तीत ठेवणं धोक्याचं म्हणून १८९३ ला ती पार कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १९५४ पासून देशभर लसीकरण सुरू झालं, भारतात शेवटची साथ १९९५ ला आणि २०११ ला रोग जगातूनच संपला. माणसांच्या देवी रोगानंतर असा संपलेला हा दुसराच रोग, पण याचं कौतुक फारसं कुणी करत नाही.

लंपीत मरतुक साधारण १ ते ५ टक्के, म्हणून सरकारी कागदावर तो सौम्य दिसतो. पण ज्याच्या गोठ्यात दोनच गाई त्याला टक्केवारी काय सांगणार? अंगभर गाठी, त्या फुटून जखमेत अळ्या, पाय सुजून बैल बसलेला, गाभण गाय गाभडते, दूध आटतं. डास-माश्या-गोचिडांमुळे पसरतो म्हणून लोक गोठ्यात कडुलिंबाचा धूर करत होते. लस शेळ्यांच्या देवीची वापरली, विषाणू त्याच कुळातला म्हणून.

२०२२ ला सरकारी मदत मिळाली ती मेलेल्या जनावराची, गाय ३० हजार, बैल २५, वासरू १६. जगून आटलेल्या गाईचा पंचनामा होत नाही.